हंगामापुरता परदेशी

काटेवाडीचे नाव निघाले की गप्पा राजकारणाकडे वळतात, त्याला इलाज नाही. पण या गावाचे एक नाते इंग्लंडच्या क्रिकेट मैदानांशीही आहे आणि ते फारसे कुणी सांगत नाही. शरद पवार याच गावचे, आणि त्यांच्या पत्नी प्रतिभाताई या सदाशिव शिंदे यांच्या कन्या. सदू शिंदे म्हणजे भारताकडून सात कसोटी खेळलेले लेगस्पिनर. 1951 साली दिल्लीत इंग्लंडचे सहा गडी 91 धावांत टिपणारे. 1955 साली वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी विषमज्वराने ते गेले. त्यामुळे काटेवाडीची ही सोयरीक जुळली तेव्हा व्याही पाहायला हयात नव्हते.

शिंदे दोनदा इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले, 1946 आणि 1952 मध्ये. पहिल्या खेपेला ते बावीस वर्षांचे होते. युद्ध संपून जेमतेम वर्ष झाले होते. इंग्लंडात साखर, लोणी, मांस सगळे रेशनवर. त्याच वर्षी जुलैत पावावरही रेशन आले, जे युद्ध चालू असतानाही आले नव्हते. लॉर्ड्सच्या कसोटीत शिंदे शेवटच्या क्रमांकावर खेळायला आले आणि रुसी मोदींच्या साथीने त्यांनी शेवटच्या गड्यासाठी 43 धावा जोडल्या. त्या तारुण्यात, त्या थंडीत, त्या मोजूनमापून मिळणाऱ्या जेवणावर चार महिने काढणे सोपे नव्हतेच. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती. भोवती आपला संघ होता. जेवणाच्या टेबलावर हजारे होते, सरवटे होते, मराठीत कुरकुर करायला माणसे होती.

दौरा आणि हंगाम यांत फरक पडतो तो इथे. दौऱ्यावर खेळाडू आपल्या देशाबरोबर जातो. हंगामासाठी जातो तेव्हा एकटा जातो, दुसऱ्याच्या गावाकडून खेळतो आणि त्या गावाच्या पैशावर जगतो. दौऱ्यात हरलो तर संघ हरतो. हंगामात हरलो तर लोक म्हणतात, या बाहेरच्याला एवढे पैसे कशाला दिले?

बाहेरून खेळाडू आणण्याची ही पद्धत जगात अनेक ठिकाणी आहे, पण तिचे सर्वांत रेखीव रूप उत्तर इंग्लंडातल्या लँकेशायर लीगमध्ये पाहायला मिळते. 1892 साली सुरू झालेली ही लीग म्हणजे कापडगिरण्यांच्या छोट्या गावांची स्पर्धा: नेल्सन, कोल्न, हॅसलिंग्डन, रॉटनस्टॉल, रिश्टन, बेकप. संघातले दहा जण गावातले, गिरणीत किंवा दुकानात काम करून शनिवारी खेळणारे. अकरावा पगारी. ‘एका संघात एकच प्रोफेशनल’ हा नियम. मग गावे हट्टाने जगातला उत्तम खेळाडू शोधू लागली. क्लब सभासदांच्या वर्गणीवर आणि फाटकावरच्या तिकिटावर चालायचा, आणि सभासद म्हणजे काय चीज असते हे बारामती-इंदापूरकरांना सांगायला नको. भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्याची किंवा माळेगावची वार्षिक सभा ज्याने पाहिली आहे, त्याला नेल्सनची सभा डोळ्यांपुढे आणता येईल. उसाला दर का कमी दिला, नोकरभरती कशी केली, असे विचारणारा सभासद तिथे या माणसाने मागच्या शनिवारी सात धावा का काढल्या हे विचारतो. मालकी सगळ्यांची असली की हिशेबही सगळेच मागतात.

वेस्ट इंडिजचा लिअरी कॉन्स्टंटाइन 1929 ते 1937 अशी नऊ वर्षे नेल्सनला होता आणि त्यातल्या सात वर्षी नेल्सनने लीग जिंकली. तो आला तेव्हा त्या गावातल्या बहुतेकांनी कृष्णवर्णीय माणूस पाहिलेला नव्हता. पोरे खिडकीतून डोकावायची. काही निनावी पत्रे यायची, त्यांतली भाषा सांगण्यासारखी नाही. पहिल्याच वर्षी नवराबायकोंच्या मनात परत जाण्याचा विचार आला होता. ते राहिले, आणि पुढे ते गाव त्याला आपला म्हणू लागले. आज नेल्सनच्या मेरेडिथ स्ट्रीटवर त्याच्या घराला स्मृतिफलक आहे. विद्वान लेखक सी. एल. आर. जेम्स इंग्लंडात प्रथम आले तेव्हा याच घरात राहिले.

आपल्याकडचे खेळाडूही या वाटेने गेले. लाला अमरनाथ नेल्सनला, अमरसिंग कोल्नला. सांगलीत जन्मलेले विजय हजारे रॉटनस्टॉलला खेळले. मितभाषी, भिडस्त, आपण बरे की आपला खेळ बरा असा हा माणूस. अशा स्वभावाच्या माणसाने पेनाइन डोंगरांतल्या पावसाळी गावात सोमवार ते शुक्रवार काय केले असेल, याचे मला नेहमी कुतूहल वाटते. कारण लीगमधला खरा प्रश्न तोच असतो. सामना शनिवारी, फार तर रविवारी. संध्याकाळी क्लबच्या पोरांना शिकवायचे. उरलेला वेळ खायला उठतो. मुंबईचे सुभाष गुप्ते रिश्टनला खेळले. त्यांचा लेगस्पिन तिथल्या गिरणीकामगार फलंदाजांना उमगत नसे, आणि तितकाच तो आपल्याच संघाच्या क्षेत्ररक्षकांनाही उमगत नसे. लीगमध्ये उत्तम गोलंदाजाच्या नशिबी सुटलेले झेल फार.

या लीगमध्ये एक सुंदर चाल होती. पगारी खेळाडूने अर्धशतक काढले किंवा गोलंदाजीत मोठी कामगिरी केली की प्रेक्षकांत टोपी फिरायची आणि जमलेली चिल्लर त्याला मिळायची. पगार ठरलेला असला तरी लोकांची दाद अशी नाण्यांनी मोजून मिळे. आपल्या जत्रेच्या आखाड्यात कुस्ती झाली की पैलवानाच्या हातात नोटा पडतात, तोच हा प्रकार. आयपीएलच्या लिलावातल्या कोट्यवधींपेक्षा ही चिल्लर मला जास्त प्रामाणिक वाटते, पण तो वेगळा विषय.

हंगामी करार आणि देश यांच्यात ओढाताण झाली तर काय होते, याचे उदाहरण 1952 सालचे. विनू मांकड यांनी त्या उन्हाळ्यासाठी हॅसलिंग्डनशी बोलणी केली होती. इंग्लंड दौऱ्याच्या संघात जागा नक्की आहे असे आधी सांगाल तर क्लबला नकार देतो, असे त्यांचे म्हणणे. भारतीय क्रिकेट मंडळाने शब्द दिला नाही, मांकड हॅसलिंग्डनला गेले. मग लीड्सला पहिली कसोटी झाली. पहिल्या डावात विसाव्या वर्षी विजय मांजरेकरांनी 133 धावा केल्या, हजारेंनी 89. दुसऱ्या डावात फलकावर शून्य धावा, चार बाद. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि पहिल्या डावाचे शतकवीर मांजरेकर, चौघेही खाते न उघडता परतले. समोर फ्रेड ट्रूमन नावाचा नवा पोरगा होता. संघाला मांकडांची आठवण झाली. हॅसलिंग्डनने त्यांना सोडले. लॉर्ड्सला त्यांनी 72 आणि 184 धावा केल्या, पहिल्या डावात 73 षटके टाकून पाच बळी घेतले. भारत हरला, तरी ती कसोटी आजही मांकडांची कसोटी म्हणून ओळखली जाते. मंडळाला जो माणूस घरच्या यादीत नको होता, तो शेवटी एका गिरणीगावाकडून उसना आणावा लागला.

त्याच लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर, बरोबर चाळीस वर्षांनी, एकोणीस वर्षांचा एक मराठी मुलगा यजमान म्हणून उतरला. हे मैदान यॉर्कशायर काउंटी क्लबचे, आणि तो क्लब 1863 सालचा. यॉर्कशायरच्या हद्दीत जन्मलेल्यानेच यॉर्कशायरकडून खेळायचे, हा तिथला अलिखित दंडक. बाकीच्या काउंट्या रिचर्ड्स, हॅडली, इम्रान आणत होत्या तेव्हा हे लोक आपला हेका धरून बसले आणि हरत राहिले. 1992 साली दार उघडले ते ऑस्ट्रेलियाच्या क्रेग मॅकडरमॉटसाठी. तो जायबंदी झाला आणि ऐनवेळी सचिन तेंडुलकरला बोलावणे गेले. ज्या काउंटीने सव्वाशे वर्षांत परदेशातून माणूस आणला नव्हता, तिचा पहिला परदेशी खेळाडू वांद्र्याच्या साहित्य सहवासातला निघाला.

तोवर सचिनच्या नावावर ओल्ड ट्रॅफर्डचे आणि पर्थचे शतक जमा होते. खेळाची त्याला चिंता नव्हती. पण एकट्याने घर चालवायची त्याची ती पहिलीच वेळ. ड्यूजबरी या लोकरगिरण्यांच्या गावात त्याला घर दिले होते, क्लबची गाडी दिली होती. मुंबईत भाऊ, काकू, आचरेकर सर, शिवाजी पार्क अशी चौफेर माणसे. इथे संध्याकाळी कुलूप उघडून आत गेले की सामसूम. उत्तर इंग्लंडात जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिवस संपता संपत नाही. त्यातल्या त्यात दिलासा असा की विनोद कांबळी आणि जतीन परांजपे त्याच उन्हाळ्यात त्या भागातल्या क्लबांकडून खेळत होते. शिवाय सॉली अॅडम नावाचे मूळचे गुजराती गृहस्थ होते. स्वतः क्लब क्रिकेटर, खेळसाहित्याच्या दुकानाचे मालक. भारत-पाकिस्तानातून येणाऱ्या किती मुलांना त्यांनी घर, क्लब, जेवण मिळवून दिले याला गणती नाही. परदेशी हंगामाच्या इतिहासात अशा माणसांची नावे धावफलकावर येत नाहीत, पण अर्धे हंगाम त्यांच्यामुळे पार पडतात.

काउंटीचा त्या काळचा दिनक्रम आपल्या मुलांना चक्रावून टाकायचा. तीन-चार दिवसांचा सामना, मध्येच रविवारी चाळीस षटकांचा, लगेच गाडी काढून दुसऱ्या गावी. कधी ऊन, कधी बोटे आखडवणारी थंडी. खेळपट्टी हिरवी, ड्यूक्सचा चेंडू उशिरापर्यंत हलणारा. सचिनने 16 प्रथम श्रेणी सामन्यांत 46.52 च्या सरासरीने 1070 धावा केल्या, शतक मात्र एकच, डरहॅमविरुद्ध, तेही नेमके शंभर. देव मानणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. मला तो फार बोलका वाटतो. एकोणिसाव्या वर्षी, परक्या गावात, ओल्या खेळपट्ट्यांवर, एकट्याने राहून हजार धावा काढणे हे शारजात वाळवंटी वादळानंतर शतक ठोकण्याइतकेच अवघड असावे. स्वतः तेंडुलकर त्या साडेचार महिन्यांविषयी नेहमी जिव्हाळ्याने बोलत आले आहेत.

एक बोचणारी गोष्ट इथे सांगायलाच हवी. ड्यूजबरी, ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड या गावांत 1992 साली भारतीय आणि पाकिस्तानी वंशाची हजारो कुटुंबे राहत होती. त्यांची मुले तिथेच जन्मली, तिथल्याच गल्ल्यांत क्रिकेट खेळली. पण ब्रिटनमध्ये जन्मलेला पहिला आशियाई वंशाचा खेळाडू, अजमल शहजाद, यॉर्कशायरकडून उतरला तो 2004 साली. म्हणजे मुंबईचा मुलगा चालला, शेजारच्या गल्लीतला चालायला आणखी बारा वर्षे लागली. पाहुण्याला मान मिळतो, तो पाहुणा असतो म्हणून. पुढे 2021 मध्ये तिथलाच माजी खेळाडू अझीम रफिक याने ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे यॉर्कशायरमधल्या वंशद्वेषाची कहाणी सांगितली, तेव्हा साऱ्या क्रिकेटजगाला हे कळले.

क्रिकेटला पैसा आहे. हॉकीला नव्हता, म्हणून पुण्याच्या खडकीत वाढलेल्या धनराज पिल्लेने जितके देश पालथे घातले तितके क्वचित कुणी घातले असतील. लंडनचे इंडियन जिमखाना, फ्रान्सचे ल्यों, जर्मनीचे स्टुटगार्ट किकर्स, मलेशियाचे दोन संघ, ढाक्याचे अबाहानी, हाँगकाँगचा खालसा क्लब. हौस म्हणून कोणी इतके भटकत नाही. 1998 साली बँकॉकला बत्तीस वर्षांनी एशियाडचे सुवर्ण जिंकून आलेल्या कर्णधार धनराजला आणि आणखी काहींना संघाबाहेर काढण्यात आले. मानधनाची, भत्त्यांची तक्रार केल्याचे ते फळ अशी तेव्हा चर्चा होती. त्या काळी मलेशिया आणि युरोपचे क्लब नसते तर आपल्या बऱ्याच हॉकीपटूंची चूल नोकरीच्या पगारावरच अवलंबून राहिली असती.

मूळ प्रश्न पैशाचा असला तरी अडचण पुष्कळदा बोलण्याची असते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला गेले. फिनलंडमध्ये फिनिशबरोबर स्वीडिशही राजभाषा आहे. रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत, आणि खाशाबांना दोन्ही अगम्य. मातीतला मल्ल मॅटवर उतरला होता. एक मोठी लढत संपली आणि नियमाने मिळणारी विश्रांती न मिळता लगेच पुढच्या लढतीला उभे राहावे लागले, त्यांची बाजू मांडायला तिथे कोणी भारतीय अधिकारी हजर नव्हता, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. तरीही कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आज ती स्वीडिश जिथली मुख्य भाषा, त्या स्वीडनमध्ये आइस हॉकी खेळायला अमेरिकेतून विशी-पंचविशीतली मुले जातात. अमेरिका-कॅनडाच्या एनएचएल या बड्या लीगमध्ये जागा मोजक्या, म्हणून बाकीचे युरोपची वाट धरतात. स्वीडनचे नामांकित संघ स्टॉकहोमपेक्षा छोट्या गावांत जास्त आढळतात. पीटर फोर्सबर्ग आणि सेडिन जुळे भाऊ ज्या मोडो क्लबने घडवले, ते अर्नशोल्ड्सविक गाव आपल्या बारामती शहरापेक्षा लहान आहे. तिथेही क्लबवर सभासदांच्या संस्थेचे बहुमत असलेच पाहिजे असा स्वीडिश क्रीडाक्षेत्राचा दंडक आहे. धनाढ्य माणूस येऊन अख्खा क्लब विकत घेऊ शकत नाही. उत्तरेच्या लुलेओत डिसेंबरमध्ये सूर्य जेमतेम तीन तास दिसतो. सरावाला जाताना अंधार, परतताना अंधार. आणि बर्फाचे मैदानही वेगळे. अमेरिकेत ते सुमारे 26 मीटर रुंद, युरोपात पूर्वापार 30 मीटर. चार मीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण लहानपणापासून अंगात भिनलेला प्रत्येक कोन त्या चार मीटरमध्ये चुकतो. अमेरिकेत धडक मारून जागा मिळवणारा पोरगा इथे धडक मारायला जातो तोवर समोरचा निघून गेलेला असतो. इंग्रजी स्वीडनमध्ये सगळ्यांना येते, त्यामुळे पोट भरते, काम भागते. ड्रेसिंग रूममधले विनोद मात्र स्वीडिशमध्ये होतात, आणि बाहेरचा माणूस बाहेरचा राहतो तो या विनोदांपाशी.

आता उलटी वाट पाहा, आपल्या दारची. इराणचा फजल अत्राचली 2015 साली यू मुम्बाकडून प्रो कबड्डीत आला. डावा कोपरारक्षक, चढाईपटूचा घोटा धरला की सुटका नाही. 2018 साली एक कोटी रुपयांची बोली मिळवणारा तो पहिला परदेशी. पुढे 1 कोटी 38 लाखांना तो पुणेरी पलटणकडे आला आणि कर्णधार म्हणून संघाला अंतिम फेरीपर्यंत घेऊन गेला. त्यानंतरच्या हंगामात, मार्च 2024 मध्ये, पलटणने पहिले विजेतेपद मिळवले, तेव्हा संघात दुसरा इराणी होता, मोहम्मदरेझा शादलुई, 2 कोटी 35 लाखांचा. इराणहून आलेला फजल मैदानावर हिंदीत ओरडून बचावफळी सांभाळतो. आपला खेळ शिकायला आलेल्या माणसाने आपली भाषाही शिकली, आणि 2018 च्या एशियाडमध्ये आपल्याला उपांत्य फेरीत हरवून दाखवले, तेव्हा आपले डोळे उघडले. त्याच स्पर्धेत इराणच्या महिलांनीही भारताला 27-24 असे हरवून सुवर्ण घेतले, आणि त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. डोक्यावर स्कार्फ, कामापुरती फारसी आणि सरावाच्या जोडीला योग, एवढ्या शिदोरीवर या मराठी बाईने इराणमध्ये संघ उभा केला. मायदेशाला हरवून त्यांना काय वाटले असेल ते त्यांचे त्यांना ठाऊक. पगार खाल्ला त्या संघाशी त्या इमानदार राहिल्या आणि त्यात वावगे काही नाही.

आपल्या बारामती-इंदापूर तालुक्यांत कुस्ती, कबड्डी, क्रिकेट खेळणाऱ्या मुलांची कमतरता नाही. त्यांतल्या एखाद्याला उद्या इंग्लंडच्या क्लबचे किंवा युरोपातल्या कुस्ती लीगचे पत्र येईल. तेव्हा गावात फ्लेक्स लावण्याआधी काही गोष्टी घरच्यांनी कागदावर तपासाव्यात. राहण्याचे भाडे कोण देणार? दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च आणि उरलेल्या हंगामाचा पगार कोणाकडे? परतीचे तिकीट करारात आहे का? व्हिसा खेळण्याचा आहे की नुसता फिरण्याचा? दुसऱ्या प्रकारच्या व्हिसावर पगार घेतला तर पुढची सगळी दारे बंद होऊ शकतात, आणि मध्यस्थ हे सांगतोच असे नाही. आणि तालमीच्या वस्तादांना एक विनंती. दंड-बैठका होतच राहतील. त्या मुलाला निदान भात-आमटी रांधायला, कपडे धुवायला आणि फोनवर न अडखळता इंग्रजीत डॉक्टरची वेळ मागायला आधी शिकवा.